शस्त्रक्रियेनंतर परतलेला कॉलेज पिचर: स्काउटने त्याला कोणत्या क्रमाने पाहावे

कोपराची शस्त्रक्रिया झालेला कॉलेजचा पिचर (बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) चौदा-पंधरा महिन्यांनी माऊंडवर, म्हणजे चेंडू फेकण्याच्या उंचवट्यावर, परततो, पहिल्याच इनिंगमध्ये वेग मोजणाऱ्या रडार गनवर ताशी ९५ मैलांचा आकडा उमटतो आणि फलंदाजापाशी असलेल्या होम प्लेटच्या मागे बसलेला नवखा स्काउट (क्लबांसाठी खेळाडू पारखणारा) वहीत ‘हात पूर्ववत’ असे लिहून मोकळा होतो. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलच्या स्काउटिंगमध्ये उतरलेल्या काही मराठी तरुणांचे अहवाल माझ्याकडे वाचायला येतात आणि त्यांत ही चूक इतक्या वेळा दिसते की एकदा सगळी प्रक्रिया क्रमाने लिहून काढणे भाग पडले. याच्या उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची आहे. शस्त्रक्रिया हा शब्द दिसताच काही जण खेळाडूचे नाव यादीतून खोडतात, आणि मेजर लीगमधल्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या, पिचरांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या कोपरावर हीच शस्त्रक्रिया झालेली आहे, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. दोन्ही चुका क्रम बिघडल्यामुळे होतात. जी गोष्ट तिसऱ्या भेटीत ठरवायची, ती पहिल्या भेटीत ठरवली जाते.

क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाने सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्यावा. वेगवान गोलंदाज धावत येतो, हात सरळ ठेवतो आणि त्याचे गंभीर दुखणे पुष्कळदा कमरेच्या मणक्यात निघते. पिचर जागेवरून, कोपर वाकवून फेकतो आणि हात पुढे येण्याच्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) अक्षरशः ताणले जाते. म्हणून गोलंदाजाच्या पुनरागमनाचे ठोकताळे इथे उपयोगी पडत नाहीत.

१. मैदानावर जाण्यापूर्वी: दुखापतीचा कालपट तयार करा

पहिले काम टेबलापाशी बसून करायचे आहे. एका पानावर तीन गोष्टी लिहा: नेमके काय फाटले किंवा दुखावले, त्यावर काय उपाय झाला, आणि तो कोणत्या तारखेला झाला.

‘टॉमी जॉन झाली’ (कोपराच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचे हे रूढ नाव) एवढी नोंद पुरेशी नसते. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉजर्स संघाचे पिचर टॉमी जॉन यांच्यावर केलेल्या मूळ शस्त्रक्रियेत मनगटाकडून काढलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) वापरून नवे लिगामेंट बांधले होते. आजही पुनर्बांधणीची पद्धत मुळात तीच आहे, फक्त टेंडन कधी मांडीच्या मागच्या भागातून घेतात. याखेरीज, मूळ लिगामेंट शाबूत असेल आणि ते हाडाच्या टोकाशी सुटले असेल, तर ते शिवून वर मजबूत फीत बसवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, आणि त्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडू पुनर्बांधणीच्या मानाने बराच लवकर परततो. पुनर्बांधणीनंतर सामन्यात उतरायला सामान्यतः १२ ते १८ महिने लागतात. आठव्या महिन्यात माऊंडवर दिसलेला मुलगा घाई करतो आहे की ठरल्या वेळेतच आहे, हे यांपैकी कोणता उपाय झाला यावर अवलंबून असते.

खांद्याची दुखापत याच पानावर लिहा, पण तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. कोपराच्या लिगामेंटनंतर परतीचा मार्ग बराचसा मळलेला आहे. खांद्यातील लॅब्रम (खोबणीची कूर्चेची कडा) किंवा रोटेटर कफ (सांध्याभोवतीचे स्नायू व टेंडन) फाटल्यानंतर तसे म्हणता येत नाही, आणि जुन्या स्काउटांना कोपराच्या चट्ट्यापेक्षा खांद्याच्या चट्ट्याची धास्ती अधिक वाटते ती उगाच नाही. गळपट्टीच्या हाडाखाली नसा किंवा रक्तवाहिनी दबण्याचा विकार असेल तर तोही वेगळा नोंदवावा, कारण त्यात बोटांना मुंग्या येणे आणि चेंडूवरची पकड जाणे अशी लक्षणे असतात आणि ती स्टँडमधून ‘कंट्रोल गेला’ अशीच दिसतात.

त्यानंतर दुखापतीपूर्वीच्या दोन हंगामांतील कामाचा भार मोजा. कॉलेजच्या संघाचा मुख्य पिचर शुक्रवारी सुरुवात करतो, म्हणजे त्याला आठवड्यातून एकदाच फेकावे लागते. मात्र हंगामाअखेरच्या रीजनलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत, चार संघ असतात, दोन पराभवांनंतर संघ बाहेर जातो, आणि शुक्रवारी शंभरावर चेंडू टाकलेला मुलगा सोमवारी पुन्हा माऊंडवर दिसू शकतो. बॉक्स स्कोअरमधून (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यातून) प्रत्येक सामन्यातील चेंडूंची संख्या आणि मधल्या विश्रांतीचे दिवस उतरवून घ्या. मोजपट्टी म्हणून मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वे वापरता येतील. १९ ते २२ वर्षे वयोगटासाठी त्यांत एका दिवसाची मर्यादा १२० चेंडूंची आहे आणि ८१ ते १०५ चेंडूंनंतर चार दिवसांची विश्रांती सांगितली आहे.

सावधान: महिने मोजताना ‘गेल्या हंगामात शस्त्रक्रिया’ असे धरू नये. फेब्रुवारीतली शस्त्रक्रिया आणि जूनमधली शस्त्रक्रिया एकाच हंगामातली असली, तरी पुढच्या वसंतात त्या दोन हातांमध्ये चार महिन्यांचे अंतर असते.

सावधान: खेळाडूच्या वैद्यकीय नोंदी खासगी असतात. संघाच्या ट्रेनरला कॉरिडॉरमध्ये गाठून माहिती काढू नका. ती खेळाडूच्या संमतीने आणि ठरलेल्या मार्गानेच क्लबच्या डॉक्टरांकडे जाते. ऐकीव गोष्ट लिहायचीच असेल तर ती ऐकीव म्हणूनच लिहावी.

२. दुखापतीपूर्वीचा पिचर आधी ठरवा

परतलेल्या पिचरची तुलना कशाशी करायची, हे ठरले नसेल तर पुढचे सगळे निरीक्षण अधांतरी राहते. जुन्या सामन्यांचे चित्रण तीन बाजूंनी मिळवण्याचा प्रयत्न करा: होम प्लेटच्या मागून, सेंटर फील्डकडून, आणि पिचरची छाती दिसते त्या बाजूने, म्हणजे उजव्या हाताच्या पिचरसाठी तिसऱ्या बेसकडून. शेवटचा कोन सर्वांत मोलाचा, कारण पुढचा पाय जमिनीवर टेकतो त्या क्षणी फेकणारा हात कुठवर वर आला आहे, हे तिथूनच स्वच्छ दिसते.

आकडे घेताना प्रत्येक इनिंगचा सरासरी वेग घ्या, सर्वोच्च वेग घेऊ नका. चेंडूचा मार्ग मोजणाऱ्या ट्रॅकमनसारख्या यंत्रणेचे आकडे उपलब्ध असतील तर चेंडू सुटण्याची उंची, रबरपासून (माऊंडवर पिचर पाय टेकवतो त्या पट्टीपासून) पुढे किती फुटांवर तो सुटतो ते अंतर, आणि प्रत्येक प्रकारच्या चेंडूचे फिरण्याचे प्रमाण उतरवावे. नुसत्या वेगाने काही ठरत नाही, कारण मेजर लीगमध्ये फोर-सीम फास्टबॉलचा (सरळ जाणाऱ्या नेहमीच्या वेगवान चेंडूचा) सरासरी वेगच आता ताशी ९४ मैलांच्या आसपास गेला आहे.

इथे होणारी चूक फार मानवी आहे. पिचरच्या आयुष्यातील सर्वोत्तम दिवस आपल्या लक्षात राहतो आणि नकळत तोच त्याचा नेहमीचा दर्जा मानला जातो. उलट दुखापतीआधीचे शेवटचे पाच-सहा सामने निराळे काढून पाहा. लिगामेंट एका चेंडूत फाटल्याचे सांगितले जात असले तरी पुष्कळदा त्याआधीच्या आठवड्यांत वेग हळूहळू घसरलेला, वॉक (चार चुकार चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) वाढलेले आणि चेंडू सुटण्याची जागा खाली आलेली असते. ते सामने सरासरीत मिसळले तर परतलेला हात आहे त्यापेक्षा चांगला भासतो.

तपासा: वेग, सुटण्याची उंची, स्ट्राइकचे प्रमाण आणि डावातील टिकाव या चारही गोष्टींचे दुखापतीपूर्वीचे आकडे एका ओळीत लिहिता येत आहेत का? येत नसतील तर प्रवासाचे तिकीट काढण्याची घाई करू नका.

३. सामन्याच्या आधीचा दीड तास

सामना सुरू होताना पोहोचणारा स्काउट निम्मी माहिती वाहनतळावरच सोडून येतो. दीड तास आधी पोहोचा आणि पिचर लांब पल्ल्याचे फेकणे कसे करतो ते पाहा. चेंडू सहज जातो की प्रत्येक फेकीला अंग झोकून द्यावे लागते? बुलपेनमध्ये (पिचर हात मोकळा करतो त्या जागेत) पूर्ण वेगाला येईपर्यंत त्याला किती चेंडू लागतात, हे मोजा. दोन फेकींच्या मध्ये हात झटकणे, कोपर चोळणे, बोटे उघडमीट करणे या गोष्टी एकदा दिसल्या तर सवय असू शकते, पण त्या वाढत जाताना दिसल्या तर वेळेसह लिहून ठेवाव्यात. पुनर्वसनाच्या क्रमात हवेत वळणारे चेंडू शेवटी परत येतात, म्हणून बुलपेनमधला पहिला स्लायडर किंवा कर्व्हबॉल तो किती मोकळेपणाने टाकतो याकडे खास लक्ष द्या.

साधनांविषयी थोडे. रडार गन चेंडूच्या रेषेपासून जितकी बाजूला, तितका आकडा कमी येतो, त्यामुळे दुखापतीपूर्वीचा वेग प्लेटमागून घेतलेला आणि आजचा पहिल्या बेसकडून घेतलेला असेल तर ती घट हाताची नसून तुमच्या खुर्चीची असते. शेजारच्या स्काउटच्या गनशी दहा चेंडू ताडून पाहावेत.

४. सामना: कोणत्या इनिंगमध्ये काय पाहायचे

पहिल्या इनिंगमध्ये गनकडे पाहू नका. हे सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण, म्हणून मी स्वतः गन सुरू ठेवतो, आकडे तिच्यातच साठू देतो आणि डोळे शरीरावर ठेवतो. पुढचा खांदा लवकर उघडतो का, पाय टेकताना हात मागे राहतो का, चेंडू सोडल्यावर हात पूर्ण खाली येऊन थांबतो की मध्येच आखडतो, एवढेच पाहावे. बरेच दिवस दुखणे सोसलेला माणूस जिना उतरताना जसा नकळत एका पायावर भार टाकतो, तसाच पिचरही हाताला वाचवण्याची युक्ती शिकलेला असतो आणि दुखणे गेले तरी युक्ती जात नाही.

दुसऱ्या इनिंगपासून प्रत्येक चेंडू लिहा: प्रकार, वेग, कॅचरने (प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याने) ग्लव्ह कुठे धरला होता आणि चेंडू प्रत्यक्षात कुठे गेला. या शेवटच्या दोन रकान्यांवर अहवालाची खरी मदार आहे. कोपराच्या पुनर्बांधणीनंतर वेग आधी परततो आणि अचूकता मागाहून, कधी कधी पूर्ण एका हंगामाने मागाहून. त्यामुळे परतीच्या पहिल्या महिन्यातील वॉक पाहून हात निकामी ठरवणे जितके चूक, तितकेच ९५ मैल पाहून तो बरा झाला म्हणणे चूक.

प्रश्न असा पडतो की अचूकतेचा अभाव हा केवळ गंज आहे की कायमची मर्यादा. माझी पद्धत ढोबळ आहे, पण ती उपयोगी पडली आहे. गंज असेल तर चेंडू चारही दिशांना चुकतात आणि सामन्यागणिक चुका कमी होत जातात. हात खरोखर साथ देत नसेल तर चुका एकाच दिशेला जातात, बहुधा फेकणाऱ्या हाताच्या बाजूला आणि वर, आणि थकवा येईल तशा त्या वाढतात. म्हणून चुकलेल्या चेंडूंची नुसती संख्या लिहून भागत नाही, दिशाही लिहावी लागते.

बेसवर धावपटू आल्यावर पिचर वाइंडअप (फेकण्याआधीची पूर्ण लांब हालचाल) सोडून आखूड हालचालीने फेकतो. त्या वेळी वेग एकदम पडतो का, ते पाहा. त्याच्या संघाची फलंदाजी लांबली आणि तो वीस-पंचवीस मिनिटे डगआउटमध्ये बसून राहिला, तर परतल्यावरचे पहिले पाच चेंडू स्वतंत्र लिहा. बरा झालेला हात दोन चेंडूंत लयीत येतो. स्लायडरचा वेग पूर्वीपेक्षा तीन-चार मैलांनी कमी आणि फास्टबॉलचा मात्र तेवढाच असेल, तर तो मनगट आणि कोपर पूर्ण वापरायला कचरतो आहे अशी शंका घ्यायला जागा आहे.

सावधान: परतीच्या सुरुवातीला प्रशिक्षक पिचरला तीस-चाळीस चेंडूंवर थांबवतात. एवढ्यावरून त्याला स्टार्टर (सामन्याची सुरुवात करून बऱ्याच इनिंग टाकणारा पिचर) म्हणून गुण देऊ नयेत. एका इनिंगसाठी सगळी ताकद ओतणारा हात आणि पाचव्या इनिंगसाठी काही राखून ठेवणारा हात यांचे आकडे एका पंगतीत बसत नाहीत.

५. दुसरा दिवस आणि दुसरी भेट

बहुतेक अहवाल इथे कच्चे राहतात, कारण सामना संपला की स्काउट पुढच्या गावाला निघतो. शुक्रवारी फेकलेला पिचर शनिवारी आणि रविवारी काय करतो, हे पाहायला एक रात्र मुक्काम करावा लागला तरी करावा. तो हलकी फेकाफेक करतो का? टोपी घालताना, बॅग उचलताना कोपर पूर्ण सरळ होते का? सहकाऱ्याशी हस्तांदोलन डाव्या हाताने करतो का?

एकदा एका उजव्या हाताच्या पिचरवर मी सामन्याच्या रात्रीच उत्साहाने अहवाल पाठवला होता. त्याने पाच इनिंग सुरेख टाकल्या होत्या. रविवारी सकाळी मैदानावर सहज चक्कर टाकली, तेव्हा तो दोन्ही हातांनी पाण्याचा पिंप उचलण्याऐवजी पायाने ढकलत होता. पुढच्या आठवड्यात त्याची पाळी आली नाही आणि त्यानंतरच्याही नाही. तेव्हापासून अहवाल सोमवारी पाठवायचा, असा नियम मी घालून घेतला आहे.

किमान तीन भेटी हव्यात. पहिली परतीच्या सुरुवातीची, दुसरी चेंडूंची संख्या वाढल्यानंतरची, आणि तिसरी नेहमीच्या विश्रांतीनंतर त्याने ७५ हून अधिक चेंडू टाकलेल्या सामन्याची. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि उत्तरेकडच्या थंडीत निरोगी पिचरचाही वेग एक-दोन मैलांनी कमी भरतो, म्हणून तिन्ही भेटी मार्चमध्येच उरकू नयेत. उन्हाळ्यात तो केप कॉड लीगसारख्या स्पर्धेत खेळणार असेल तर ती संधी सोडू नका. तिथे धातूच्या ऐवजी लाकडी बॅट असते आणि आतल्या बाजूला टाकलेल्या फास्टबॉलची खरी किंमत कळते.

६. बोलणे

खेळाडूला ‘दुखतंय का?’ असे विचारू नये. उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते. ‘फेकल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा दिवस कसा जातो?’ असे विचारा आणि मग थांबा. पुनर्वसनातला कोणता आठवडा सर्वांत वाईट गेला, हे ज्याला तपशिलाने सांगता येते त्याने ते काम मन लावून केलेले असते. प्रशिक्षकाला त्याच्या चेंडूंची मर्यादा कोण ठरवते, एवढे विचारले तरी पुरे.

अमेरिकेत पिचर मुलगा वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी जाता जाता एक सूचना: मुलाचे जुने एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा अहवाल एका जागी नीट ठेवा. माहिती दडवल्याने किंमत वाढते, हा भ्रम आहे.

७. वैद्यकीय मत आणि तुमचे मत वेगळे ठेवा

ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) जुलैत होतो आणि त्याआधी क्लबांना संमती दिलेल्या खेळाडूंची वैद्यकीय माहिती मिळते. ती वाचून आपले गुण मागाहून बदलण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण एकाच हाताचे वाचन दोन क्लबांचे डॉक्टर दोन प्रकारे करतात.

व्हँडरबिल्टच्या कुमार रॉकरला २०२१ मध्ये मेट्सनी दहाव्या क्रमांकावर निवडले, तपासणीनंतर करार केला नाही, आणि २०२२ मध्ये रेंजर्सनी त्यालाच तिसऱ्या क्रमांकावर घेतले. मधल्या काळात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढे २०२३ मध्ये कोपराची टॉमी जॉन झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. यात कोण बरोबर होते, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ईस्ट कॅरोलायनाच्या जेफ हॉफमनची कोपराची शस्त्रक्रिया ड्राफ्टच्या जेमतेम महिनाभर आधी, मे २०१४ मध्ये झाली, तरीही ब्लू जेजनी त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. तो स्टार्टर म्हणून स्थिरावला नाही, मात्र दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, फिलीजचा रिलीव्हर (स्टार्टरनंतर उतरणारा पिचर) म्हणून ऑल-स्टार झाला. वॉकर ब्यूलरला डॉजर्सनी २०१५ मध्ये २४ व्या क्रमांकावर घेतले, लगेच त्याची शस्त्रक्रिया झाली, २०१७ मध्ये तो मेजर लीगमध्ये पोहोचला आणि २०२२ मध्ये तेच कोपर पुन्हा उघडावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी होणे आणि हात पुढची दहा वर्षे टिकणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि स्काउटचा अहवाल त्यांपैकी दुसऱ्याविषयी फार थोडे सांगू शकतो.

८. अहवाल लिहिणे

गुण नेहमीच्या २० ते ८० च्या मापात द्यायचे, ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी दर्जा. प्रत्येक प्रकारच्या चेंडूला आजचा गुण आणि भविष्यातला गुण असे दोन रकाने असतात. भविष्यातला गुण हात निरोगी राहील असे धरून द्या आणि जोखीम स्वतंत्र ओळीत लिहा. दुखापत झाली म्हणून ५५ चा स्लायडर ५० करायचा आणि खाली पुन्हा ‘जोखीम मोठी’ असेही लिहायचे, म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा दंड करणे झाले. वरचा अधिकारी तिसऱ्यांदा कापतो आणि खेळाडू यादीतून नाहीसा होतो.

भूमिका स्पष्ट लिहा. तिसऱ्या भेटीतही ६० चेंडूंनंतर वेग आणि दिशा दोन्ही ढासळत असतील, तर ‘रिलीव्हर’ असे लिहायला कचरू नका, हॉफमनचे उदाहरण वर दिलेच आहे. वयाचाही विचार करावा. चार वर्षांच्या कॉलेजातील खेळाडू तिसरे वर्ष संपल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर ड्राफ्टसाठी पात्र ठरतो, पण दुखापतीमुळे एक हंगाम वाया गेलेला पिचर २२ वर्षांचा असू शकतो. त्याच्यापाशी कॉलेजात परतण्याचा पर्याय कमी उरतो, त्यामुळे कराराच्या रकमेत क्लबला सूट मिळते. ड्राफ्ट २० फेऱ्यांचा आहे आणि हा हिशेब मधल्या फेऱ्यांत फार महत्त्वाचा ठरतो.

वाक्ये कशी असावीत, याचा नमुना देतो. ‘हात पूर्ण बरा वाटतो, वेग ९५’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहा: ‘पुनर्बांधणीला १५ महिने. तीन भेटी, सर्वाधिक ८२ चेंडू. फास्टबॉल पहिल्या दोन इनिंगमध्ये ९३ ते ९५, पाचवीत ९१ ते ९२. चुका पहिल्या भेटीत सर्व दिशांना, तिसऱ्या भेटीत निम्म्यावर. स्लायडर पूर्वीपेक्षा दोन मैलांनी हळू. दुसऱ्या दिवशी फेकताना पाहिले, अडचण दिसली नाही.’

तपासा: अहवालातील प्रत्येक विधानापुढे तारीख आहे का? तुम्ही स्वतः पाहिलेले, आकडेवारीतून घेतलेले आणि कुणी सांगितलेले, हे तिन्ही वेगळे ओळखू येते का? शेवटच्या ओळीत पुढच्या भेटीचा दिवस आणि त्या भेटीत तपासायची एकच गोष्ट लिहा, उदाहरणार्थ, ‘१२ मे, ७० व्या चेंडूनंतरचा स्लायडर’.